संगणकाची रोजनिशी आणि तिच्यांतील तांबड्या खुणा

रविवारची दुपार असते. घरांतले वडील गृहस्थ जेवण आटोपून नुकतेंच वर्तमानपत्र हातांत घेतात, तोंच फोन वाजतो. पलीकडचा मनुष्य मोठ्या अदबीनें आपण एका नामांकित कंपनीचे तंत्रज्ञ असल्याचें सांगतो आणि म्हणतो, “तुमच्या संगणकांत विषाणूंनीं घर केलें आहे. विश्वास बसत नसेल तर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहा.” मग तो गृहस्थांस संगणकासमोर बसवितो, कोणतीं बटणें दाबावयाचीं तें एकेक करून सांगतो, आणि पडद्यावर एक लांबलचक यादी उघडते. यादींत ओळीमागून ओळ तांबड्या वर्तुळांची व पिंवळ्या त्रिकोणांची. एक नाहीं, दोन नाहीं, शेंकडों! गृहस्थांचे हात गार पडतात. पलीकडचा आवाज आतां अधिकच मृदु होतो आणि दुरुस्तीचें शुल्क सांगतो.

या फसवणुकींतील नवल असें कीं, त्या मनुष्यानें दाखविलेली यादी खोटी नसते. ती संगणकानें स्वतःच लिहिलेली असते व तिच्यांतील ओळन्‌ओळ खरी असते. खोटा असतो तो तिचा लावलेला अर्थ. ऑक्टोबर २०१२ मध्यें अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें अशा सहा टोळ्यांविरुद्ध न्यायालयांत कारवाई केली, तेव्हां त्यांपैकीं बहुतेकांचे धागेदोरे भारतांत असल्याचें कमिशननें म्हटलें होतें. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड या देशांतील साध्या कुटुंबांना ही यादी दाखवून त्यांच्याकडून पैसे उकळले जात. शिकलेलीं माणसें यांत फसलीं, याचें कारण त्यांची बुद्धि कमी होती हें नव्हे. ती यादी वाचावयाची कशी, हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें.

ही यादी म्हणजे संगणकाची रोजनिशी होय. तिचें रूढ नांव इव्हेंट लॉग, आणि ती उघडून दाखविणाऱ्या खिडकीचें नांव इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एनटी नांवाच्या पिढींत, १९९३ सालीं, ती प्रथम आली. एखाद्या मोठ्या रेल्वे स्टेशनांत चोवीस तास एक कारकून बसविलेला असावा, आणि गाडी आली, गाडी गेली, दिवा विझला, सांधा अडकला, हमाल वेळेवर हजर झाला नाहीं, अशी प्रत्येक बारीकसारीक गोष्ट त्यानें वेळेसह टिपून ठेवावी, तसेंच हें काम चालतें. प्रत्येक नोंदींत घटनेची वेळ, खबर देणाऱ्याचें नांव, घटनेचा क्रमांक, तिचा दर्जा आणि एकदोन वाक्यांचा मजकूर असतो. दर्जे मुख्यतः चार: साधी माहिती, इशारा, चूक आणि गंभीर चूक. वहीचीं पानें अमर्याद नसतात. मुख्य वह्यांना सामान्यतः प्रत्येकीं २० मेगाबाइट जागा दिलेली असते, आणि ती भरली म्हणजे सर्वांत जुन्या नोंदींच्या जागीं नव्या लिहिल्या जातात.

ही वही घरच्या माणसांना घाबरविण्यासाठीं निर्माण झालेली नाहीं. यंत्र बिघडल्यावर दुरुस्ती करणाऱ्यास माग काढतां यावा, एवढाच तिचा हेतु. म्हणूनच निरोगी संगणकाच्या वहींतही तांबड्या-पिंवळ्या खुणा असावयाच्याच. क्रमांक १००१६ ची नोंद हें त्याचें ठळक उदाहरण. विंडोजचाच एखादा भाग दुसऱ्या भागाकडे एका रीतीनें परवानगी मागतो, ती नाकारली जाते, मग तो दुसऱ्या रीतीनें मागतो आणि काम होऊन जातें. पहिल्या नकाराची नोंद मात्र वहींत राहते. या नोंदीकडे खुशाल दुर्लक्ष करावें, असें खुद्द मायक्रोसॉफ्टनेंच लेखी सांगितलें आहे. तरीही असंख्य लोकांनीं ती नोंद नाहींशी करण्याच्या खटपटींत रात्री जागविल्या आहेत, आणि कांहींनीं त्या भरांत चांगला चाललेला संगणक बिघडवूनही घेतला आहे.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, प्रत्येक तांबडी खूण म्हणजे रोग नव्हे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. खूण खऱ्या दुखण्याची असली, तरी ज्याच्या नांवापुढें ती पडते तोच अपराधी असतो असें नाहीं. कारकून तक्रार टिपतो. तपास करीत नाहीं. कोण पडला तें तो लिहितो. कोणीं ढकललें तें त्याला बहुधा दिसलेलें नसतें.

उदाहरण घेऊं या. संगणक सुरू होतो तेव्हां पडद्यामागें अनेक सेवा एकामागून एक जाग्या होतात. कोणी छपाईचें काम पाहते, कोणी आवाजाचें, कोणी इंटरनेटचें. प्रत्येक सेवेनें हांक मारल्यापासून ३० सेकंदांच्या आंत ‘ओ’ द्यावी, असा साधारण नियम आहे. ती वेळ टळली कीं वहींत ७००९ क्रमांकाची नोंद होते, आणि तिच्या पाठोपाठ ती सेवा सुरू होऊं शकली नाहीं, अशी ७००० क्रमांकाची. आतां समजा, छपाईची सेवा अशी उशिरानें उठली. वाचणारा म्हणेल, प्रिंटर बिघडला. तो प्रिंटरचें सॉफ्टवेअर काढून पुन्हां घालतो. दुसऱ्या दिवशीं तीच नोंद. प्रत्यक्षांत त्या सेवेच्या फाइली दाराशींच अडवून ठेवणारा कोणी दुसराच असूं शकतो. असा दुसरा कोणी शोधूं लागलें म्हणजे पुष्कळदां माग जाऊन पोंचतो तो एका अनपेक्षित ठिकाणीं: घराच्या रक्षणासाठीं नेमलेल्या पहारेकऱ्यापाशीं, म्हणजे अँटिव्हायरसपाशीं.

रक्षक आणि घरधनी यांच्यांत असा झगडा कां उद्भवावा, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. १९८६ सालीं लाहोरच्या दोन भावांनीं लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणु फ्लॉपीवरून जगभर पसरला. त्या काळीं विषाणु हातानें दिल्याघेतल्या जाणाऱ्या फ्लॉपींतून येई, आणि त्याचा प्रतिकारही तसाच फुरसतीनें होई. पुण्यांत कैलास व संजय काटकर या बंधूंनीं संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायांतून जें अँटिव्हायरस निर्माण केलें व जें पुढें क्विक हील या नांवानें प्रसिद्ध झालें, तें याच परिस्थितींतून, १९९०-२००० च्या दशकांत. फ्लॉपी घालावी, तपासणी चालवावी, दोष निघाला तर पुसून टाकावा, आणि तपासणी बंद करावी. वैद्य येई, नाडी पाही आणि परत जाई.

इंटरनेट घरोघर आल्यावर एवढ्यानें भागेना. विषाणु आंत शिरून पांच सेकंदांत आपलें काम उरकूं लागला, तेव्हां वैद्याला घरींच मुक्काम करणें भाग पडलें. आजचें संरक्षक सॉफ्टवेअर संगणकाबरोबर जागें होतें, उघडली जाणारी प्रत्येक फाइल तपासतें, प्रत्येक चालू कार्यक्रमाच्या हालचालींवर नजर ठेवतें, आणि हें सर्व अगदीं आंतल्या दालनांत बसून करतें. या आंतल्या दालनास कर्नेल म्हणतात. यंत्राचा जीव तेथें आहे. बाहेरच्या दालनांतील एखादा कार्यक्रम कोसळला तर तेवढाच कोसळतो. कर्नेलमध्यें बसलेल्याचा पाय घसरला तर सगळें घर खालीं येतें. रक्षकाला एवढ्या आंत बसविण्याचें कारण उघड आहे: चोर जर आंत शिरणार असेल, तर पहारेकऱ्याला त्याच्याहून आंत असलें पाहिजे. परंतु ज्याला एवढा अधिकार दिला, त्याची चूकही तेवढीच मोठी होणार, हें त्या सौद्यांतच आलें.

आंतली व्यवस्था साधारण अशी आहे. एखादी फाइल उघडण्याचा हुकूम सुटला म्हणजे तो वरून खालीं, थेट डिस्कपर्यंत उतरतो. या वाटेवर एकाखालीं एक चौक्या बसविलेल्या असतात. कोणती चौकी कोठें असावी याबद्दल भांडण होऊं नये म्हणून मायक्रोसॉफ्टनें प्रत्येकीस ‘उंचीचा’ क्रमांक नेमून दिला आहे. अँटिव्हायरसच्या चौक्या ३,२०,००० पासून ३,२९,९९८ पर्यंतच्या उंचीवर. फाइलींचा मजकूर गुप्तलिपींत बदलून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चौक्या त्यांच्या पुष्कळ खालीं, १,४०,००० च्या घरांत. यांत मोठी युक्ति आहे. डिस्कवरून वर येणारा मजकूर आधीं खालच्या चौकींत उलगडला जातो, आणि मग वरच्या चौकींतील पहारेकऱ्यास तो वाचतां येईल अशा रूपांत मिळतो. क्रम उलटा झाला असता, तर पहारेकऱ्याच्या हातीं बंद लखोटे येत राहिले असते.

आतां एकाच घरांत दोन अँटिव्हायरस आले म्हणजे काय होतें पाहा. एक नवीन संगणकाबरोबर मोफत आलेला असतो, दुसरा घरांतल्या कोणी काळजीनें विकत आणलेला असतो. एकापेक्षां दोन बरे, असा हिशेब. पहिला पहारेकरी एखादी फाइल तपासण्यासाठीं ती स्वतः उघडतो. तें उघडणें दुसऱ्याच्या नजरेस पडतें. त्याच्या लेखीं तीही एक संशयास्पद हालचाल, म्हणून तो तीच फाइल तपासावयास घेतो. काळजीपूर्वक लिहिलेल्या सॉफ्टवेअरांत असें चक्र टाळण्याची सोय असते. ती सोय नीट वापरलेली नसली कीं एकाचा हात दुसऱ्यांत अडकतो. हा त्याची वाट पाहतो, तो ह्याची, आणि ज्या बिचाऱ्या सेवेची ती फाइल होती तिचे ३० सेकंद उलटून जातात. वहींत तांबडी खूण पडते ती त्या सेवेच्या नांवापुढें. दोन्ही पहारेकऱ्यांचीं नांवें तेथें निघत नाहींत.

याहून विचित्र प्रकारही घडतात. एकानें पकडून कोठडींत ठेवलेली विषारी फाइल दुसऱ्याला सांपडते, आणि घरांत विष आहे अशी तो हांकाटी करतो. विषाणूंच्या खाणाखुणांची यादी प्रत्येक अँटिव्हायरसजवळ असतेच. ती नीट झांकून ठेवलेली नसली, तर दुसरा त्या यादीलाच विषाणु समजतो. चोरांच्या तसबिरी खिशांत बाळगणाऱ्या शिपायास दुसऱ्या शिपायानें चोर म्हणून धरावें, त्यांतलाच हा प्रकार.

या कारणानें विंडोजमध्यें एक तडजोड करून ठेवलेली आहे. बाहेरचें अँटिव्हायरस घातलें आणि त्यानें आपलें नांव रीतसर विंडोजच्या सुरक्षा-दप्तरांत नोंदविलें, म्हणजे घरचा डिफेंडर आपण होऊन पहारा सोडतो; बाहेरचें काढून टाकलें कीं तो पुन्हां उभा राहतो. दोन नोंदलेल्या बाहेरच्या पहारेकऱ्यांना मात्र कोणी समजावीत नाहीं. शिवाय अँटिव्हायरस काढतांना तें पूर्णपणें निघालें नाहीं, तर त्याची खुर्ची तेवढी मागें राहते. मग रोज सकाळीं विंडोज त्या खुर्चीवरच्या माणसाला हांक मारतें, तो नसतो, आणि वहींत ७०२६ क्रमांकाची नोंद होते: अमुक ड्रायव्हर सुरू होऊं शकला नाहीं. याच कारणास्तव बहुतेक कंपन्या आपलें सॉफ्टवेअर समूळ काढण्याचें एक निराळें साधन देतात, आणि नेहमींच्या रीतीनें काढल्यावर खुणा राहिल्या तर तें वापरणें हाच खरा उपाय असतो.

पहारेकऱ्यांची आणखी एक खोड आहे. कांहीं सॉफ्टवेअर इतर कार्यक्रमांच्या अंगांत आपला एक तुकडा शिरवून ठेवतें, हेतु असा कीं तेथून हालचाली जवळून दिसाव्या. गूगलनें नोव्हेंबर २०१७ मध्यें जाहीर केलें कीं, विंडोजवर क्रोम वापरणाऱ्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश लोकांच्या संगणकांत क्रोमशीं असा संबंध ठेवणारें कांहीं ना कांहीं दुसरें सॉफ्टवेअर आहे; आणि ज्यांच्या क्रोममध्यें परका तुकडा शिरविला जातो, त्यांचें क्रोम कोसळण्याचा संभव १५ टक्क्यांनीं अधिक असतो. पुढील वर्षांपासून क्रोमनें असे तुकडे अडविण्यास सुरुवात केली. येथेंही वहीचें वाचन बारकाईनें करावें लागतें. कार्यक्रम कोसळल्याच्या १००० क्रमांकाच्या नोंदींत दोन नांवें असतात: कोसळलेला कार्यक्रम कोणता, आणि त्याच्या पोटांतील कोणत्या तुकड्यांत पाय घसरला. घाईनें वाचणारा पहिलें नांव पाहून थांबतो. उत्तर पुष्कळदां दुसऱ्या नांवांत दडलेलें असतें.

कर्नेलमध्यें कोणीं किती ढवळाढवळ करावी हा वाद जुना आहे. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्या २००५ सालीं निघाल्या, तेव्हां मायक्रोसॉफ्टनें कर्नेलच्या भिंतींना बाहेरच्यांनीं भोंकें पाडूं नयेत म्हणून एक पहारा बसविला; भिंत फोडलेली आढळली कीं यंत्र तत्काळ थांबावयाचें. अँटिव्हायरस कंपन्यांना तोंवर हीच भोंकें सोयीचीं पडत होतीं. २००६ सालीं मॅकॅफी व सिमँटेक या कंपन्यांनीं उघडपणें तक्रार केली कीं, अशानें चोरांबरोबर रक्षकही बाहेर राहतील. दोन्ही बाजूंत तथ्य होतें, आणि पुढील घटनांनीं तें दोन्ही अंगांनीं सिद्ध केलें.

त्यांपैकीं पहिली घटना २१ एप्रिल २०१० ची. मॅकॅफीनें आपल्या ग्राहकांस विषाणूंच्या खाणाखुणांची नवी यादी पाठविली. तिचा क्रमांक ५९५८. त्या यादींतील एका खुणेमुळें विंडोज एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमधील एसव्हीसीहोस्ट ही निर्दोष आणि अत्यावश्यक फाइल विषाणु ठरली. पहारेकऱ्यानें आपलें कर्तव्य चोख बजावलें, तिला अटकेंत टाकलें, आणि संगणक पुन्हांपुन्हां बंद होऊन सुरू होऊं लागले. कित्येकांचा इंटरनेटशीं संबंधही तुटला, म्हणून दुरुस्त केलेली यादी त्यांच्यापर्यंत पोंचविण्याचा मार्गच बंद झाला. शेवटीं माणसांनीं यंत्रायंत्रापाशीं जाऊन हातानें तें काम केलें.

दुसरी घटना जानेवारी २०१८ ची. संगणकाच्या प्रोसेसरमध्येंच मेल्टडाउन नांवाचा दोष असल्याचें उघडकीस आलें, आणि त्यावर उपाय म्हणून ३ जानेवारीस मायक्रोसॉफ्टनें कर्नेलच्या स्मृतीची मांडणी बदलणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. पण कांहीं अँटिव्हायरस त्या स्मृतींत अनधिकृत वाटांनीं जात असत. भिंती सरकल्यावर जुन्या पायवाटेनें जाणारा भिंतीवरच आदळणार. तसें होऊन संगणक निळ्या पडद्यासह बंद पडूं लागले. मायक्रोसॉफ्टनें मग अशी अट घातली कीं, आमच्याशीं जुळतें आहे अशी खूण अँटिव्हायरसनें विंडोजच्या रजिस्ट्रींत करून ठेवल्याखेरीज पुढील सुरक्षा-दुरुस्त्या त्या यंत्रास मिळणार नाहींत. ज्यांचें अँटिव्हायरस जुनें होतें, त्यांना त्यांच्या रक्षकामुळेंच रक्षण मिळेनासें झालें! विंडोज १० पुरती ती अट मार्च २०१८ मध्यें उठविण्यांत आली.

तिसरी घटना सर्वांच्या स्मरणांत आहे. १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या फाल्कन या संरक्षक सॉफ्टवेअरसाठीं २९१ क्रमांकाची एक छोटीशी माहितीची फाइल जगभर रवाना केली. ती फाइल २१ बाबींची तपासणी करावयास सांगत होती. सॉफ्टवेअर मात्र २० च बाबी पुरवीत होतें. एकविसावी बाब शोधतां शोधतां पहारेकऱ्याचा हात स्मृतींतील भलत्याच जागीं गेला. तो कर्नेलमध्यें बसलेला, परिणाम ठरलेलाच. ७८ मिनिटांनीं, १० वाजून ५७ मिनिटांस, ती फाइल मागें घेतली गेली. तोंपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख संगणक कोसळले होते. विंडोजवर चालणाऱ्या एकंदर यंत्रांच्या एक टक्क्याहूनही ही संख्या कमी. परंतु तीं यंत्रें विमानकंपन्यांचीं, रुग्णालयांचीं, बँकांचीं होतीं. भारतांतील कांहीं विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. रिझर्व्ह बँकेनें त्याच दिवशीं सांगितलें कीं, आपल्या देखरेखीखालील केवळ १० बँका व बिगर-बँक वित्तसंस्थांच्या कामांत किरकोळ व्यत्यय आला.

या घटनेनें रोजनिशीची मर्यादाही दाखवून दिली. कर्नेल कोसळतें तेव्हां वही लिहिणारा कारकूनही त्याच क्षणीं मूर्च्छित होतो. आपल्या मरणाची नोंद त्याला करतां येत नाहीं. यंत्र पुन्हां उठलें म्हणजे मागील खुणांवरून तो ४१ क्रमांकाची नोंद करतो कीं, यंत्र नीट बंद न होतां पुन्हां सुरू झालें. तशीच ६००८ क्रमांकाची, कीं मागचें बंद होणें अनपेक्षित होतें. घरांत अचानक वीज गेली तरी याच दोन नोंदी होतात. म्हणजे या नोंदी कारण सांगत नाहींत. काल रात्रीं कांहीं विपरीत घडलें एवढेंच सांगतात. आणि यंत्र उठतां उठतांच पुन्हां कोसळूं लागलें, तर तेवढेंही लिहावयास सवड मिळत नाहीं. त्या शुक्रवारीं तंत्रज्ञांनीं सेफ मोड या अवस्थेंत, म्हणजे अगदीं मोजक्या सेवकांनिशीं, एकेक संगणक जागा करून ती सदोष फाइल पुसली. ज्या यंत्रांच्या डिस्कला बिटलॉकरचें कुलूप होतें, तेथें आधीं ४८ अंकांची किल्ली हुडकावी लागली.

या प्रकरणापासून धडा घेतला गेला नाहीं असें नाहीं. अशा माहितीच्या फाइली सर्वांस एकदम न पाठवितां टप्प्याटप्प्यानें पाठविण्याची पद्धत क्राउडस्ट्राइकनें स्वीकारली. नोव्हेंबर २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलें कीं, संरक्षक सॉफ्टवेअरला कर्नेलबाहेर बसून काम करतां यावें अशी व्यवस्था विंडोजमध्यें उभारली जाईल. ॲपलनें आपल्या मॅक संगणकांत २०१९ पासूनच त्या दिशेनें पाऊल टाकलें होतें. पहारेकरी उंबरठ्याबाहेर उभा राहिला, तर त्याच्या पडण्यानें घर पडणार नाहीं. तेथून त्याला चोर तितकाच स्पष्ट दिसेल किंवा नाहीं, हा प्रश्न मात्र प्रत्येक कंपनीस नव्यानें सोडवावा लागणार आहे.

हें सर्व जाणून घेतल्यावर सामान्य कुटुंबानें काय करावें? पहिला नियम अगदीं सोपा आहे: एका घराला एकच पहारेकरी. नवें अँटिव्हायरस घालण्यापूर्वीं जुनें समूळ काढावें आणि मध्यें एकदां संगणक बंद करून सुरू करावा. मुदत संपलेलें व नवे खाणाखुणांचे तक्ते न मिळणारें अँटिव्हायरस ठेवून देऊं नये. तें रक्षण करीत नाहीं आणि जागा अडवून बसतें. त्याचप्रमाणें संगणक मंद चालतो म्हणून रागाच्या भरांत सगळेच पहारे उठवून देणें हाही शहाणपणा नव्हे. तक्रार पहारेकऱ्याविरुद्ध असली तरी चोर कांहीं गांव सोडून गेलेले नसतात.

दुसरा नियम वही वाचण्याचा. संगणक उत्तम चालत असेल, तर ती उघडून तांबड्या खुणा मोजण्याचें कारण नाहीं. कांहीं बिघडलें असेल, तर बिघडल्याची वेळ आधीं निश्चित करावी आणि त्या वेळेच्या आसपासच्या नोंदीच तेवढ्या पाहाव्या. पहिली तांबडी खूण कोणती, आणि तिच्या अगदीं आधीं साध्या माहितीच्या ओळींत काय नोंदलें आहे, इकडे लक्ष द्यावें. नवें सॉफ्टवेअर घातल्याची, एखादी दुरुस्ती उतरल्याची, ड्रायव्हर बदलल्याची नोंद बहुधा अशाच एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळींत असते. तीच नोंद रोज त्याच क्रमानें येते काय, हें पाहावें. एकदां येऊन गेलेल्या खुणेस फारसें महत्त्व नाहीं. मग एका वेळीं एकच बदल करावा आणि एकदोन दिवस थांबावें. चार उपाय एकदम केले तर गुण कशाचा आला हें कधींच कळत नाहीं, ही गोष्ट वैद्यकांत जितकी खरी तितकीच येथेंही.

आणि तिसरा नियम फोनवरच्या त्या मनुष्यासाठीं. मायक्रोसॉफ्ट कोणाच्याही घरीं आपण होऊन असा फोन करीत नाहीं, आणि त्याच्या खऱ्या सूचनांत फोन-नंबर कधींही दिलेला नसतो. कोणा परक्यानें संगणकाचा ताबा मागितला तर फोन खालीं ठेवावा. पैसे गेलेच असतील, तर लाजून गप्प न बसतां भारतांत १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावें. जितकें लवकर कळवावें तितका पैसा वाटेंत अडविला जाण्याचा संभव अधिक.

त्या रविवारच्या दुपारीं गृहस्थांना एवढेंच ठाऊक असतें, तर त्यांनीं यादीकडे पाहून विचारलें असतें, “या खुणा किती दिवसांच्या आहेत? संगणक तर सकाळपासून व्यवस्थित चालला आहे.” या प्रश्नाला पलीकडे उत्तर नसतें. वहींतली तांबडी खूण ही एक तक्रार आहे, निकाल नव्हे. तक्रार ऐकून घ्यावी, तिची वेळ पाहावी, शेजारच्या नोंदींची साक्ष काढावी, आणि मगच कोणाला दोषी धरावें. मग तो प्रिंटर असो, विंडोज असो, कीं मोठ्या विश्वासानें दाराशीं उभा केलेला पहारेकरी असो.